लंकेला निघालेलं भात

आमचे आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आणि शांत बसलेले आतोबा अख्ख्या मुरबाड तालुक्यात कुणी पाहिलेले नाहीत. खोटं सांगत नाही. इतर माणसं उठतात, बसतात, चालतात. आतोबा नेहमी निघालेले असायचे. उपरणं एका खांद्यावरून घसरलेलं, एक वहाण पायात आणि दुसरी हातात, कारण ती पायात घालायला थांबायचं कुणी! सिद्धगडाच्या पायथ्याला त्यांचं गाव. तिथे कुणाची म्हैस व्याली की आतोबा धावत, कुणाकडे नवा नांगर आला की आतोबा धावत, आणि भाताचं नाव निघालं की मग बघायलाच नको. भात म्हणजे पानातला नव्हे हो, टरफलातलं, शेतात डोलणारं. माझी आई लवकर गेली, आत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून किन्हवलीच्या आमच्या घरापेक्षा मी आत्याकडेच जास्त वाढले. त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलं नाही ते आतोबांनी इतक्या वेळा सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे.

कुणाच्याही ओटीवर गेले की पाणी मागायच्या आधी आतोबा सुपातला एक दाणा उचलायचे, दाढेखाली धरायचे, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "नदीच्या अलीकडचं!" घरधनी बिचारा भीत भीत सांगायचा की नाय बाबा, पलीकडचं आहे. आतोबांचं उत्तर तयार असायचं. "मंग बी अलीकडनं नेलेलं आसंल!" त्यांच्या दाढेनं कधी बरोबर सांगितल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांना कधी खजील झालेलं मी पाहिलं नाही. त्या दाढेचा सगळ्यात मोठा पराक्रम कल्याणला झाला. एका लग्नाची पंगत बसली होती. आतोबांनी पहिला घास तोंडात घातला आणि उभेच राहिले. "थांबा! कुणी खाऊ नका! रंगून!" म्हणजे रंगूनचा तांदूळ. वाढपी जागच्या जागी थिजले, यजमान धावत आले, आणि आतोबा नुसती बुंदी खाऊन उठले. मागाहून कळलं की तो तांदूळ आतोबांच्याच खळ्यावरचा होता, त्यांनी स्वतःच त्या यजमानांना विकलेला. आत्या दोन दिवस हसत होती. आतोबा म्हणाले, "आचाऱ्यानं शिजवून त्याचा रंगून केला, त्याला मी काय करू?"

पण रंगूनवरचा त्यांचा राग मात्र थट्टेचा नव्हता. त्या काळात ब्रह्मदेशाचा तांदूळ आगबोटी भरभरून मुंबईच्या बंदरात उतरायचा आणि इतका स्वस्त विकायचा की आमच्याकडच्या झिनीला, म्हणजे त्या बारीक, वासाच्या भाताला, कल्याणच्या पेठेत कुणी हात लावेना. शहरातली माणसं खुश होती, त्यांना स्वस्त खायला मिळत होतं. इकडे आतोबा बैलगाडी भरून न्यायचे आणि पुष्कळदा भरलेलीच परत आणायचे. रंगून त्यांनी नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं, पण बोलायचे असे की जणू बांधाला बांध लागून त्या रंगूनचं शेत आहे आणि तो रोज रात्री बांध कोरतोय. "आज काय केलंन रंगूननं?" असं वर्तमानपत्र वाचणाऱ्या गुरुजींना विचारायचे. गुरुजी म्हणायचे, "काही नाही केलं." आतोबा मान हलवायचे. "गप बसलाय म्हंजे कायतरी शिजतंय."

आणि भात विकलं गेलं तरी ते सुखासुखी जात नसे. आतोबांचा एक नेम होता. पोतं भरून तोंड शिवायच्या आधी त्यातलं एक मूठभर भात काढून ते कणगीत परत टाकायचं. प्रत्येक पोत्यातलं. व्यापारी कुरकुरायचे, वजन कमी भरतं म्हणायचे. आतोबा ऐकत नसत. "मूठ मागं ऱ्हायली पायजे. त्याबिगर गेलेल्याला परत यायची वाट सापडत नाय." आत्या आतून ओरडायची, "विकलेलं भात कशाला परत येतंय? त्याला काय म्हायेरपणाला बोलावताय?" आतोबा म्हणायचे, "यंदा गेलेलं म्होरल्या सालाला येतं का नाय? त्येच त्ये!" आत्या कपाळाला हात लावायची.

मग जपान्यांची लढाई आमच्या दारापर्यंत आली. रंगून पडलं! गुरुजींनी चावडीवर वाचून दाखवलं आणि आतोबांना काय करू नि काय नको झालं. रडावं की पेढे वाटावेत ते कळेना. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला तशी मुंबई भुकेली झाली, आणि जे व्यापारी आमच्या गाड्या परत पाठवायचे तेच आता आमच्या खळ्यावर येऊन मांडी घालून बसले. दर वाढला, परत वाढला, सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा. ज्यांच्याकडे भात होतं त्यांच्या घरी नवे कपडे आले, बायकांच्या नाकात नथी आल्या. ज्यांच्याकडे नव्हतं, म्हणजे वरच्या पाड्यांवरची मजुरीवर जगणारी माणसं, ती हातात पैसे घेऊन भात शोधत फिरू लागली. आत्याकडे आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, येणारी सोमी नावाची ठाकरीण मजुरीचे पैसे ओटीवर ठेवून म्हणायची, "नको गो माय हे. भात दे. हे कोन शिजवतंय?" आत्या तिला भातच द्यायची.

रंगून पडल्याच्या दुसऱ्या वर्षी, वैशाखात, माझ्या थोरल्या भावाचं लग्न निघालं. आत्या आणि मी आठ दिवस आधीच किन्हवलीला गेलो. आतोबा राब भाजायचे, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचे, राहिले होते म्हणून गावीच थांबले, आणि तिथेच घोटाळा झाला. कल्याणचा एक व्यापारी आला. त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं की यंदाचा माल मुंबईला नाही, आगबोटीनं लंकेला जाणार आहे, तिथेही रंगूनचाच तांदूळ खात होते, तो बंद झालाय. लंका! आतोबा म्हणे उठून उभे राहिले. सोन्याची लंका, आणि तिथे आपल्या गावचं भात! कणगीत होतं ते जाडं भात. ते लंकेला पाठवायचं? पाहुण्याच्या पानात कुणी करपलेलं वाढतं का? मग चांगलं भात कुठे होतं? माळ्यावर. मुड्यांत. बियाण्याचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे बियाणं बायकांच्या ताब्यात असतं. कापणीच्या वेळी भरदार लोंब्या बायका निवडतात, वाळवतात, पेंढ्यात घट्ट बांधून त्याचा गोल मुडा करतात आणि चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. मुड्याची गाठ प्रत्येकीची वेगळी. रोहिणी नक्षत्र निघालं की घरची बाई स्वतः तो खाली काढते, तेव्हा पुरुषानं पेरायचं. तिला न विचारता मुड्याला हात लावणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. आतोबांनी आमच्या माळ्यावरचे सगळे मुडे काढले. एवढ्यावर थांबले असते तर ते आतोबा कसले! गावभर धावत सुटले, लंका लंका करत घरोघरच्या पुरुषांना पटवलं, आणि बायका राबाच्या कामाला रानात गेलेल्या असताना निम्म्या गावाचं बियाणं गाड्यांत चढवलं. मुडेसुद्धा सोडू दिले नाहीत. "आसंच्या आसं जाऊंदे. लंकेला कळूंदे हे बी हाय म्हून." एकानं विचारलंच, मूठ काढायची ना? तर म्हणाले, "लंकेला कमी भरून पाठवायचं?" आणि आयुष्यात पहिल्यांदाच मूठ मागे ठेवली नाही.

पण गाड्या मुरबाडच्या नाक्यावर अडकल्या. धान्य तालुक्याबाहेर न्यायला सरकारनं बंदी घातली होती. व्यापारी परवाना आणायला पळाला आणि आतोबा नाक्यावर जाऊन कारकुनाशी भांडत बसले. चार दिवस भांडले. लंकेतल्या माणसांच्या उपासाचं असं वर्णन केलं म्हणे की कारकुनाच्या बायकोनं एक वेळचं जेवण सोडलं. शेवटी परवाना आला, उद्या सकाळी गाड्या सुटणार असं ठरलं, आणि आतोबा ही आनंदाची बातमी द्यायला थेट किन्हवलीच्या मांडवात येऊन थडकले.

हळद चालली होती. आत्याचे दोन्ही हात हळदीनं माखलेले. "लंकेला!" आतोबा मांडवाच्या दारातूनच ओरडले. "आपलं भात लंकेला चाललं!"

"कुठलं भात?" आत्या म्हणाली. "कणगीतलं तर जाडं हाय."

"छ्या! जाडं कशाला? मुड्यातलं!"

वाजंत्री वाजत होती म्हणून बरं.  आत्या अगदी हळू म्हणाली, "आनी पेरायचं काय?"

"बी काय, रोहिनीला कल्यानच्या पेठंतनं आनू. उन्हाळ्याच्या शेवटाला दर पडतोच. धा वर्सं बघतोय मी."

"धा वर्सं रंगून येत होतं म्हून पडत होता!" आत्या कडाडली. "आता कुठंय तुमचं रंगून?"

 आयुष्यभर शिव्या दिल्या त्या रंगूनची आतोबांना त्या क्षणी पहिल्यांदा प्रेमानं आठवण झाली असावी. तेवढ्यात आत्याला दुसरं आठवलं आणि तिनं हळदीचे हात तसेच कपाळाला लावले. "आनी सोमीचा मुडा? तिच्या झोपडीत माळा नाय म्हून माझ्याकडं ठेवलेला, ल्हानगा, त्यो?" आतोबांनी मान खाली घातली. सोमीकडे ओढ्याकाठी जमिनीचा एवढासा तुकडा होता, आणि त्या तुकड्याचं सगळं बी त्या एका मुड्यात होतं.  "गाडी जुंपा," आत्या म्हणाली.

भावाची हळद अर्धी टाकून, एक गाडीवान घेऊन आम्ही तिघं निघालो. उजाडता उजाडता नाक्यावर पोचलो तेव्हा बैल जुंपले जात होते. आतोबा गाडीतून उडी मारून धावले, आणि या वेळी मात्र दोन्ही वहाणा गाडीतच राहिल्या. "साहेब! सोडू नका! ह्या गाड्या सोडू नका!"

कारकून दातांत काडी घालून उभा होता. त्यानं काडी काढली. "चार दिवस सोडा सोडा म्हणून माझं डोकं खाल्लंत ना तुम्ही?"

"काल म्हनत व्हतो. आज नको!"

"परवाना आहे. आता मला अडवता येत नाही."

आतोबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग छाती पुढे काढून म्हणाले, "चोरीचा माल हाय."

"चोरीचा? कुणाच्या घरचा?"

"माझ्या."

"आणि चोरला कुणी?"

"मीच!"

नाक्यावरचा शिपाई खो खो हसायला लागला. व्यापारी ओरडायला लागला की माणूस खुळा आहे, गाड्या हाका. तेव्हा आत्या पुढे झाली. हळदीनं पिवळी झालेली, डोळे जागरणानं लाल, पदर कमरेला खोचलेला. "खुळे हायेत, पन खोटं बोलत नायत," ती म्हणाली. "बी माझ्या हातचं. मला इचारल्याबिगर माळ्यावरनं काडलंय. आनी एकट्या माझंच नाय, गावातल्या धा-बारा जनींचं काडलंय. आमच्यात ह्याला चोरीच म्हनत्यात. लावा बेड्या." आतोबांनी कौतुकानं आत्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. आता चोर स्वतः कबूल होतोय आणि फिर्यादी बायको उभी आहे म्हटल्यावर कारकून तरी काय करणार? गाड्या राहिल्या, आतोबा कोठडीत गेले, आणि आमचा गाडीवान, मुडे गेलेच म्हणून हात टेकून बसलेल्या गावातल्या बायकांना निरोप द्यायला सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरबाडच्या कचेरीसमोर जे झालं तसं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. गावातल्या झाडून साऱ्या बायका आल्या. रात्रभर चालून आल्या होत्या, पण दमलेली एक दिसेना. त्यांचे नवरे बरेच मागे, रस्त्याच्या कडेकडेनं, माना खाली घालून येत होते. मामलेदार खुर्ची टाकून अंगणात बसले. ते म्हणाले, हे सगळे मुडे तर सारखेच दिसतात, कुणाचा कुठला हे कसं ठरवायचं? बायका हसल्याच. मुडे ओळीनं मांडले आणि एकेक जण पुढे येऊन आपली गाठ ओळखू लागली. ही माझी, उलटा पीळ. ही माझी, दुहेरी फास. ही माझ्या सासूनं शिकवलेली. मामलेदारांनी एका म्हातारीला गाठ सोडून परत बांधायला सांगितली. तिनं न बघता, त्यांच्याशी बोलता बोलता बांधली, हुबेहूब. कोठडीच्या गजांतून आतोबा आनंदानं ओरडत होते, "वळखली! बगा, वळखली! पाटलीनबाय, तुमचा त्यो तिकडं, डावीकडला!" शिपायानं दोनदा गप्प बसवलं. तिसऱ्यांदा तोच गजांना टेकून बघत राहिला.

सोमी सगळ्यात शेवटी पुढे आली. तिचा मुडा सगळ्यात लहान, ओळीच्या टोकाला. तिनं गाठ बघितली नाही, उचलून छातीशी धरला आणि थेट कोठडीसमोर गेली. "बाबा," ती म्हणाली, "लंकंचं मानूस उपाशी हाय त्ये खरं. पन माझं पोर काय खाईल त्ये कोन बगल?"  आतोबांनी गजातून हात बाहेर काढून त्या मुड्याला लावला आणि नमस्कार केला.

मामलेदारांनी बियाणं ज्याच्या त्याला देऊन टाकलं, व्यापाऱ्याला त्याचे पैसे परत देववले, आणि आतोबांना ताबडतोब सोडायला सांगितलं, नाहीतर हा माणूस माझ्या कचेरीचं खळं करून टाकील म्हणाले. आणि गंमत बघा. त्या दिवसांत चळवळीतली माणसं तुरुंगातून सुटली की लोक हार घालायचे. आतोबा कोठडीतून बाहेर आले, समोर एवढ्या बायका, एवढी गर्दी! रस्त्यानं जाणाऱ्या दोन पोरांना वाटलं, कुणी मोठा देशभक्तच सुटला. त्यांनी पळत जाऊन झेंडूचा हार आणला आणि आतोबांच्या गळ्यात घातला. आतोबांनी तो काढला नाही. गावापर्यंत घालून आले. "मी बंदी मोडली व्हती का पाळली व्हती?" असं वाटेत मला हळूच विचारलं. 

त्या पावसाळ्यात मुरबाडच्या बाजारात पैसे घेऊन गेलेली माणसं रिकामी पिशवी घेऊन परत यायची. तांदूळ कुठल्याच भावानं मिळेना. चढ्या दराच्या मोहानं ज्यांनी बीसुद्धा विकलं अशा पलीकडच्या एका गावाची खाचरं पाणी भरून नुसती आभाळ बघत पडली होती. आमच्या गावात नाचणीची भाकरी आणि रानातले कंद खाऊन दिवस काढले, पण झिनीची आवणी झाली, सोमीच्या ओढ्याकाठच्या तुकड्यातसुद्धा. एका संध्याकाळी बांधावर उभं राहून आतोबा तो हिरवा रंग बघत होते. मला म्हणाले, "पोरी, लंकेत आता काय खात आसतील गो? त्यांचंबी रंगून पडलं ना." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या वेळी त्यांच्याविषयी इतकी माया वाटली की काय सांगू.

त्यानंतर मुठीचं खूळ मात्र फारच वाढलं. मूठ ठेवली नाय म्हून झालं सगळं, असं त्यांच्या मनानं घेतलं. भातच काय, घराबाहेर जाणाऱ्या शेंगा, हळद, वाटाणे, सगळ्यांतली मूठ मागे राहू लागली. माझं लग्न शहापूरला ठरलं. पाठवणीच्या वेळी आत्यानं माझी ओटी भरली आणि भरल्या मांडवात, वरमाईच्या डोळ्यांदेखत, आतोबांनी माझ्या ओटीत हात घालून मूठभर तांदूळ काढून घेतले! सासूबाईंनी डोळे वटारले. आत्या लाजेनं मेली. "आवो, भरल्या ओटीतलं कोन काडतं का?" आतोबांनी मूठ घट्ट धरली होती. "परत यायला पायजे ना तिला," एवढंच म्हणाले, आणि वहाण हातात घेऊन कुठेतरी निघून गेले.

मी परत येत राहिले. दर खेपेला निघताना आत्या तांदळाचं गाठोडं बांधायची, आतोबा ते सोडायचे आणि मूठ काढायचे, आत्या चिडायची, मोटार चुकता चुकता राहायची. लढाई संपली, राज्य बदललं, दर चढले, पडले, पुन्हा चढले, आणि प्रत्येक वेळी आतोबांनी तेवढ्याच जोरात धावपळ केली. शेवटी एका सुगीत, खळ्यावर जायला म्हणून ते असेच घाईघाईनं निघाले आणि ओट्याच्या पायरीवर बसले. आत्या म्हणाली, मला तेव्हाच कळलं गो, ह्ये बसले म्हून.

दिवसकार्य झाल्यावर मी काही काळ आत्याजवळ राहिले. निघायच्या दिवशी तिनं गाठोडं बांधलं, माझ्या हातात दिलं. ते कुणी सोडलं नाही. मी गावच्या फाट्यापर्यंत पोचले, मोटार आली, पाय वर ठेवणार तोच मागून हाक आली. आत्या धावत येत होती. आत्या, जी आयुष्यात कधी धावली नव्हती! तिनं माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, तिथेच रस्त्यावर टेकून गाठ सोडली आणि मूठभर तांदूळ काढून पदरात टाकले. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. तिनं गाठ मारायला घेतली, थांबली, आणि पुन्हा हात घालून आणखी एक मूठ काढली.

"माझी मूठ ल्हान," ती म्हणाली. "ह्यांची मोठी व्हती."